सोळा वर्षांच्या मुलीला कॉन्सर्टच्या फ्लोअरवर जाऊ द्यावं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनला राहता. मुलगी सोळा वर्षांची आहे आणि तिला दोन मैत्रिणींबरोबर न्यूअर्कच्या प्रुडेन्शियल सेंटर या मोठ्या अरीनामध्ये, म्हणजे बंदिस्त स्टेडियममध्ये, पॉप कॉन्सर्टला जायचंय. तेही खुर्चीवर बसून नाही, स्टेजसमोर उभं राहून, म्हणजे फ्लोअरचं जनरल अ‍ॅडमिशन तिकीट हवंय. तिच्या बाबांचं म्हणणं असं की अमेरिकेत गर्दीत कोण कधी बंदूक काढेल सांगता येत नाही, तेव्हा नकोच. तुमच्या तोंडून नाही निघत नाही आणि हो म्हणायचा धीर होत नाही.

मी इथे अरीना आणि स्टेडियमच्या गर्दी-नियोजनात काम करते. कुठल्या दारातून किती माणसं आत घ्यायची, बॅरिकेड कुठे टाकायचं, कुठला रस्ता काही झालं तरी मोकळाच ठेवायचा, हे आधी नकाशावर ठरवायचं आणि शोच्या रात्री रेडिओ घेऊन त्याच गर्दीच्या कडेला उभं राहायचं. त्या अनुभवावरून सांगते: जाऊ द्या. पहिल्या खेपेला खुर्चीचं तिकीट घ्या असं मी सुचवेन. फ्लोअरच हवा असा हट्ट असेल तर तोही पुरवता येईल, पण गर्दी कशी वागते हे तिला नीट समजल्यावर. तिच्या बाबांची भीती मी खोटी म्हणणार नाही, त्या भीतीकडे पुढे येतेच. मात्र फ्लोअरवर उभ्या असलेल्या मुलीला पहिला धोका असतो तो आजूबाजूच्या माणसांच्या दाबाचा, आणि त्याबद्दल घरात कुणीच कुणाशी बोलत नाही.

५ नोव्हेंबर २०२१ ला ह्यूस्टनच्या एनआरजी पार्कमध्ये अ‍ॅस्ट्रोवर्ल्ड हा रॅप संगीताचा फेस्टिव्हल होता. सुमारे पन्नास हजार लोक आले होते. त्या रात्रीच्या गर्दीने १० जणांचा जीव घेतला, वयं ९ ते २७. नऊ वर्षांचा मुलगा वडिलांच्या खांद्यावर बसून शो बघत होता. मृतांमध्ये टेक्सासमध्ये शिकणारी एक भारतीय वंशाची मुलगीही होती. सगळ्यांच्या मृत्यूचं मुख्य कारण एकच होतं, छाती दाबली जाऊन श्वास बंद पडणं. यातले बहुतेक जण पायांखाली तुडवले गेले असं लोकांना वाटतं, पण दाबामुळे माणूस उभ्या-उभ्याही जातो. श्वास घेताना छाती फुगावी लागते. चारही बाजूंनी माणसं इतकी घट्ट बसली की फुगायला जागाच उरत नाही, आणि काही मिनिटांत शुद्ध हरपते.

रात्री नऊ अडतीसला तिथल्या अधिकाऱ्यांनी मोठी दुर्घटना झाल्याचं जाहीर केलं. गाणं त्यानंतरही सुमारे अर्धा तास चालू होतं. मागच्या लोकांना पुढे काय चाललंय ते कळत नव्हतं, कारण गर्दीत दाब माणसामाणसांतून पुढे जातो आणि खबर मात्र मागे येत नाही. हे एकच वाक्य मुलीच्या डोक्यात पक्कं बसलं तरी पुष्कळ झालं. मागचे लोक दुष्ट नसतात. त्यांना दिसत नाही, एवढंच.

२०२३ मध्ये ग्रँड ज्युरीने कुणावरही फौजदारी आरोप ठेवायला नकार दिला आणि मृतांच्या घरच्यांचे दिवाणी दावे पुढे तडजोडीने मिटले. मला याहून जास्त खुपतं ते त्या आठवड्यातलं बोलणं. रॅपची पोरंच तशी, धिंगाणा घालतात, त्यांना कोण सांगणार, असं आपल्या मंडळाच्या जेवणावळीतही मी ऐकलंय. हेच ३ डिसेंबर १९७९ नंतर सिनसिनाटीत ऐकू आलं होतं, तेव्हा दोष रॉक ऐकणाऱ्या गोऱ्या पोरांना दिला गेला. 'द हू' या रॉक बँडच्या कार्यक्रमासाठी रिव्हरफ्रंट कोलिझियमच्या बाहेर हजारो मुलं थंडीत ताटकळत होती. बहुतेक जागा राखीव नव्हत्या, जो आधी आत जाईल तो पुढे. आतून वाद्यांचा आवाज आला, कार्यक्रम सुरू झाला असं वाटून मागून रेटा आला, आणि उघडी होती मोजकीच दारं. ११ जण गेले. त्यातले तिघे एकाच शाळेचे, फिनीटाऊन हायस्कूलचे. आत शो ठरल्याप्रमाणे पार पडला, स्टेजवरच्या बँडला तो संपल्यावर सांगण्यात आलं. सिनसिनाटीने त्यानंतर बिनराखीव जागांच्या कार्यक्रमांवर बंदी घातली, ती २००४ मध्ये उठली.

संगीत वेगळं, मुलं वेगळी, चार दशकांचं अंतर, आणि घडलं तेच. मुंबईत तर संगीतही नव्हतं. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर पावसात अडकलेले लोक ऑफिसला निघालेले होते, २३ जण गेले. अरुंद जिना, वरून येणारे, खालून चढणारे, आणि थांबवायला कुणी नाही. गर्दीतल्या माणसाने काय ऐकलं किंवा काय घातलं होतं याच्याशी त्याच्या मरणाचा संबंध नसतो. जागा, दारं, आणि वेळेवर थांबवणारा माणूस, या तिन्हींशी असतो. म्हणून मुलीच्या आवडीच्या गायकाला नावं ठेवून तिची सुरक्षितता वाढणार नाही. उलट तिथे काही बिनसलं तर ती तुम्हाला फोन करायला कचरेल.

आता तिला काय शिकवायचं ते सांगते.

आम्ही गर्दी चौरस मीटरवर मोजतो. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं असली तर गर्दी दाट वाटते, पण वाट काढता येते. पाचाच्या पुढे हालचाल आपल्या हातात राहत नाही. सहा-सात झाली की गर्दी पाण्यासारखी हलते, एका टोकाला धक्का बसला की लाट दुसऱ्या टोकाला पोचते आणि मधला माणूस पाय उचलले जाऊन वाहत जातो. हा दाब लोखंडी कठडे वाकवू शकतो. पन्नास किलोच्या मुलीने जोर लावून काही होत नाही.

तिच्याकडे मोजायला टेप नसणार, तेव्हा अंगावरच्या खुणा सांगा. समोर, मागे, डावीकडे, उजवीकडे, चारही बाजूंनी अनोळखी माणसं अंगाला टेकली आहेत. हात वर नेऊन नाक खाजवायचं तर ते सहज जमत नाही. स्वतः पाऊल न टाकता शरीर पुढेमागे हेलकावतंय. यातली पहिली खूण दिसली की तिथून निघायचं, तिसरीपर्यंत थांबायचं नाही. तेव्हा गाणं आवडतं चालू असेल, मैत्रीण "अजून दोन मिनिटं" म्हणेल. म्हणून हा ठराव तिघींनी घरीच करायचा: एकीने निघू म्हटलं की तिघी निघणार, कारण विचारायचं नाही.

निघायचं ते सरळ मागे नाही आणि दाबाच्या विरुद्धही नाही. लाट पुढे गेली की ओसरते, त्या ओसरत्या क्षणी तिरपं कडेला सरकायचं, पुन्हा लाट आली की पाय रोवून थांबायचं, मग पुन्हा सरकायचं. दोन्ही हात मुठी वळून छातीसमोर, म्हणजे फासळ्यांपुढे थोडी पोकळी राहते आणि श्वास चालतो. किंचाळून दम घालवायचा नाही. फोन पडला तर पडू द्यायचा, वाकायचं नाही. पडलीच तर कुशीवर वळून, गुडघे पोटाशी, हात डोक्याभोवती, आणि पहिली संधी मिळताच कुणाचा तरी हात धरून उभं राहायचं. अगदी पुढे बॅरिकेडपाशी अडकली तर पलीकडच्या गार्डकडे बघून दोन्ही हात वर करायचे. बॅरिकेडवरून उचलून बाहेर काढणं हे त्यांचं कामच आहे, एका रात्रीत ते कितीतरी मुलांना असं काढतात. त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही.

तुम्ही मुंबईत वाढला असाल तर दादरला उतरतानाचा रेटा अंगाने ओळखत असाल. "एवढी काय गर्दी, आम्ही रोज लोकलने जायचो" असं आपल्या पिढीला वाटतं ते त्यामुळे. फरक एवढाच की लोकलमध्ये दाबाला दार असतं, स्टेशन आलं की तो बाहेर पडतो. स्टेजसमोरच्या बॅरिकेडला दार नसतं. दाब तिथे येऊन साठतो.

त्यामुळे फ्लोअरवर उभं कुठे राहायचं, हा तिकिटापेक्षा मोठा प्रश्न आहे. फ्लोअरच्या मध्याच्या मागे साउंड इंजिनिअरचं टेबल असतं. त्याच्या बाजूला किंवा मागे उभं राहिलं तर आवाज सर्वांत चांगला ऐकू येतो, कारण अख्खा शो त्या जागेवरून मिक्स होत असतो, आणि मागे जायला जागाही मोकळी असते. दोन बॅरिकेडच्या कोपऱ्यात, भिंतीला चिकटून, किंवा टेबलाच्या नेमकं पुढे उभं राहू नये. ह्यूस्टनमध्येही मैदान बॅरिकेडनी भागांत तोडलेलं होतं आणि बळी गेले ते बहुतेक एकाच भागात. बाजूच्या भागांत लोक नाचत होते.

आत गेल्यावर पहिलं काम दारं बघायचं. २० फेब्रुवारी २००३ ला ऱ्होड आयलंडमधल्या वेस्ट वॉर्विकच्या 'द स्टेशन' नावाच्या नाइटक्लबमध्ये स्टेजवरच्या फटाक्यांमुळे भिंतीवरच्या फोमने पेट घेतला. १०० माणसं गेली. आग लागल्यावर दीड मिनिटाच्या आसपास आत जगण्यासारखी हवा उरली नव्हती. बाहेर पडायला इतर दारंही होती, पण बहुतेक लोक ज्या दाराने आत आले त्याच दाराकडे धावले आणि तिथे एकमेकांवर अडकले. आपण सगळे असेच धावतो, मेंदूला ओळखीचीच वाट आठवते. म्हणून आत शिरल्यावर, दिवे चालू असतानाच, तिघींनी दोन दारं बोटाने दाखवायची, एक आलो ते आणि एक दुसरं. त्या आगीनंतर इथले नियम कडक झाले, नाइटक्लबना स्प्रिंकलर बसवणं आलं, दर अडीचशे माणसांमागे एक प्रशिक्षित क्राउड मॅनेजर आला. प्रुडेन्शियल सेंटरसारख्या मोठ्या, परवानाधारक जागेला मी सोळा वर्षांच्या मुलीला पाठवा म्हणते ते यामुळे. याच मुली कॉलेजात गेल्यावर एखाद्या गोदामातल्या किंवा तळघरातल्या पार्टीला जातील, तिथे यातलं काहीही नसतं. २ डिसेंबर २०१६ ला ओकलंडमध्ये अशाच एका गोदामात संगीताचा कार्यक्रम चालू असताना आग लागून ३६ जण गेले. तिथे पार्टीची परवानगी नव्हती. अरीनाला नाही म्हणून मुलगी न सांगता अशा जागी गेली, तर तुम्ही तिला जास्त धोक्यात टाकलंत.

बंदुकीबद्दल. १ ऑक्टोबर २०१७ ला लास वेगासच्या कंट्री संगीताच्या फेस्टिव्हलवर समोरच्या हॉटेलच्या बत्तिसाव्या मजल्यावरून गोळीबार झाला, एकूण ६० जणांचा जीव गेला. हे खरं आहे, आणि अशा वेळी इथल्या यंत्रणा जे सांगतात तेच मीही सांगेन: आधी पळा, पळता येत नसेल तर लपा, आणि दोन्ही अशक्य असेल तेव्हाच प्रतिकार. त्यासाठीही दुसरं दार माहीत असणं सर्वांत उपयोगी. पण तिच्या बाबांना एक गोष्ट जरूर सांगा. २०२० पासून अमेरिकेत मुलं आणि किशोरवयीन यांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे, आणि त्यातले बहुतेक मृत्यू खून आणि आत्महत्या, म्हणजे घरात, वस्तीत, ओळखीच्या माणसांमध्ये घडणारे. जाहीर जागी होणारे सामूहिक गोळीबार त्यातला फार छोटा भाग. अरीनाच्या दारात मेटल डिटेक्टर असतो. तुमची मुलगी ज्या मैत्रिणीकडे रात्री झोपायला जाते, तिच्या घरात बंदूक आहे का, असली तर कुलपात आणि गोळ्या वेगळ्या ठेवलेल्या आहेत का, हे तुम्ही कधी विचारलंय? आपल्या लोकांना हा प्रश्न फार उद्धट वाटतो. इथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना पालकांना तो विचारायला सांगते. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सांगतो त्याच सुरात विचारा, कुणाला राग येत नाही, आणि आलाच तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं.

गर्दीत हात लावणारे इथेही आहेत. आपल्या मुलींना आपण नकळत गप्प बसायला शिकवतो, तमाशा नको म्हणून. तिला सांगा, जागा बदलायची आणि जवळच्या गार्डला किंवा उजळ जाकिटातल्या कर्मचाऱ्याला लगेच सांगायचं. बहुतेक अरीनांमध्ये मेसेज पाठवायचा एक नंबर असतो, शोच्या आधी पडद्यावर दाखवतात, तो फोनमध्ये टाकून ठेवायचा. त्यावर "सेक्शन अमुक, काळ्या टोपीतला माणूस" एवढं लिहिलं तरी कुणीतरी येतं. त्याला बाहेर काढायला तिने काही सिद्ध करून दाखवावं लागत नाही.

नशेच्या गोळ्यांचा विषय टाळू नका. तुमची मुलगी काही घेणार नाही असं तुम्हाला वाटतं, आणि ते खरंही असेल. पण शेजारी उभ्या मुलाने घेतली असेल, किंवा डोकं दुखतंय म्हणून कुणीतरी एखादी गोळी देऊ करेल. बाहेरून औषधासारख्या दिसणाऱ्या बनावट गोळ्यांत फेंटानिल हे फार तीव्र अमली औषध असू शकतं आणि एकीनेही जीव जाऊ शकतो. अनोळखी हातातली गोळी नाही, हा नियम पॅरासिटामॉललाही लागू. अशा औषधाचा ओव्हरडोस उतरवणाऱ्या नॅलोक्सोनचा नाकातला स्प्रे २०२३ पासून इथे चिठ्ठीशिवाय मिळतो, आणि न्यू जर्सीत तर चौदा वर्षांवरील कुणालाही तो सहभागी फार्मसीत नाव न सांगता फुकट मिळतो. एक घरात असू द्या. वापरायला सोपा आहे, चुकून दिला तरी त्रास होत नाही. कुणी निपचित पडलं, ओठ निळे पडले, घोरल्यासारखा आवाज येतोय, तर कर्मचाऱ्याला बोलवायचं किंवा ९११ लावायचं. ओव्हरडोससाठी मदत मागणाऱ्याला थोड्या अमली पदार्थाच्या गुन्ह्यात अटक होणार नाही असा कायदा या राज्यात २०१३ पासून आहे. पकडले जाऊ या भीतीने मुलं फोन करत नाहीत, म्हणून हे तिला आधीच ठाऊक असलं पाहिजे.

कानांचं मी दोन ओळींत सांगते, पण या सगळ्यात खात्रीने होणारी इजा हीच आहे. कामाच्या जागी ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो असं मानतात, आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. पॉप शोमध्ये तेवढा आवाज दोन-अडीच तास सहज असतो. गाणाऱ्यांसाठी आणि वाजवणाऱ्यांसाठी बनवलेले इअरप्लग वीसेक डॉलरला मिळतात, त्यांतून गाणं स्पष्टच ऐकू येतं, फक्त हळू. तिघींना तुम्हीच घेऊन द्या.

राहिला परतीचा प्रवास. एडिसनहून नॉर्थईस्ट कॉरिडॉरच्या गाडीने न्यूअर्क पेन स्टेशन, तिथून अरीना चालत दहा मिनिटांच्या आत. जाताना गाडी ठीक आहे. येताना मात्र तुम्ही किंवा तिचे बाबा घ्यायला जा, पहिल्या वेळी तरी. भेटायची जागा मुख्य दार ठरवू नका, शो संपल्यावर तिथे हजारो लोक बाहेर पडतात आणि फोनचं नेटवर्क अडतं. दोन चौक लांबची एखादी उजेडाची, उघड्या दुकानाची जागा दिवसा बघून ठरवा. फोन लागला नाही तरी तिथेच यायचं. आणि शेवटचं गाणं सुरू झालं की निघायचं नाही. लोक तेव्हाच दाराकडे लोटतात. शो संपल्यावर दहा मिनिटं जागेवर थांबून मग निघालं तर बाहेर पडणं सोपं जातं.

तुम्हाला जमणारच नसेल आणि उबर लागणार असेल, तर तिच्या वयाला साधं खातं चालत नाही. तेरा ते सतरा वर्षांसाठी पालकांच्या खात्याला जोडलेलं वेगळं खातं मिळतं, त्यात गाडी कुठे आहे ते तुम्हाला दिसतं आणि ड्रायव्हरने पिन टाकल्याशिवाय फेरी सुरूच होत नाही. तरीही नंबर प्लेट ताडून बघायची आणि "कुणासाठी आलात?" असं विचारायचं, आपलं नाव आधी सांगायचं नाही. २०१९ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या कोलंबिया शहरात एक कॉलेजची मुलगी आपली उबर समजून भलत्याच गाडीत बसली आणि तिचा खून झाला. त्यानंतर इथल्या कॉलेजांमध्ये हाच प्रश्न मुलींना शिकवतात.

तिकीट घेताना अरीनाच्या संकेतस्थळावर पर्सचा नियम बघून घ्या. बऱ्याच जागी मोठी पर्स आत नेऊ देत नाहीत, काही ठिकाणी पारदर्शकच लागते, आणि दारातून परत पाठवलेल्या मुली पर्स ठेवायला कुठेतरी अंधाऱ्या पार्किंगमध्ये भटकतात. पायात बंद बूट, चप्पल किंवा हील नाही. पाण्याची बाटली आत नेऊ देतात का तेही तिथेच लिहिलेलं असतं. संध्याकाळी निघण्याआधी तिघींना पोटभर जेवायला घाला. आमच्या फर्स्ट एडच्या खोलीत येणाऱ्या मुलींपैकी कितीतरी जणी दुपारपासून रांगेत उपाशी उभ्या राहिल्याने चक्कर येऊन आलेल्या असतात.